मेनच्या आधीची तार

या, जरा पुढे सरकून बसा. माझा आवाज आता दारापर्यंत पोचत नाही, आणि ही गोष्ट दारापर्यंत पोचावी अशीही नाही. जन्मभर मी देवळात दुसऱ्यांची आख्यानं ऐकली. बुवांनी झांजेला खूण केली की माझ्या अंगावर काटा आलाच म्हणून समजा. आज एक आख्यान मीच लावतो. राजाराणीचं नाही, एका वायरमनचं आहे. तास-दीड तासाचंच. भर उजेडी, माझ्या घरात घडलेलं.

"मास्तर, दांडी तुमीच पाडा," भूपाल म्हणाला. "घरधन्याच्या हातानं मेन बंद झालेली बरी."

कुरुंदवाडातल्या आमच्या घराला दारातून आत आलं की अरुंद बोळ होता. बोळातच मीटर, मीटरशेजारी वीजबोर्डाची चिनीमातीची कटआउट, म्हणजे बोर्डाचा मोठा फ्यूज, आणि खाली लोखंडी मेन स्विच. मी दांडी खाली ओढली. मधल्या खोलीतला पंखा दोन-चार वेढे घेऊन थांबला. भूपालनं मेनचं झाकण उघडलं, आतले दोन्ही फ्यूज उपसले आणि शर्टाच्या खिशात टाकले. ही त्याची रीत. काम संपेपर्यंत फ्यूज खिशात. तो चालू लागला की ते एकमेकांवर वाजत.

"हे कशाला हो, भूपालदादा? मेन बंद आहे की," इंदू म्हणाली. इंदू म्हणजे माझी बायको.

"वैनी, जयसिंगपुरात एका घरात मी माळ्यावर, आन् खाली म्हातारीला रेडिओवरचं भजन चुकवायचं नव्हतं. तिनं वर केली की दांडी! भजन तिनं ऐकलं, नाचलो मी. तवापास्नं फ्यूज खिशात."

इंदू पदर तोंडाला लावून हसली.

भूपाल भरमू मगदूम. पस्तिशीचा, सडसडीत, कानात बिगबाळी नाही पण ती शोभेल असा चेहरा. गावातल्या निम्म्या घरांच्या तारा त्याच्या हातच्या. देवळात सप्ताह असला की लाउडस्पीकरही त्याचाच. "बुवांचं कीर्तन गावभर जातंय ते माझ्या तारेतनं," तो मला म्हणायचा, "निम्मं पुण्य हिकडं वळवा, मास्तर." जैन माणूस, पण शेवटच्या आरतीपर्यंत जागेवरून हलायचा नाही.

त्या दिवशी काम साधं होतं. आमची कुमुद दहावीत होती. मागच्या खोलीत तिच्या टेबलावर ट्यूबलाइट आणि टेबलफॅनसाठी एक प्लग हवा होता. भिंतींना सहा महिन्यांपूर्वीच ऑइलपेंट दिलेला. इंदूनं बजावलं होतं, "भिंतीवरून पट्ट्या न्यायच्या नाहीत. तार आतूनच गेली पाहिजे."

"आता शेवटचं इचारतो," भूपाल म्हणाला. छिन्नी-हातोडा त्यानं काखेत धरला होता. "मेनच्या आधीची काय लाईन हाय का घरात? शेजाऱ्याची, मोटरीची, कसली बी?"

"नाही," मी म्हणालो.

लाईन होती.

नऊ वर्षांपूर्वी कुमुद सहा वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला होता. मिरजेच्या दवाखान्यात अकरा दिवस ती डोळे फिरवून पडली होती. धुतलेले कपडे न्यायला मी एका संध्याकाळी गावी आलो, आणि पाय आपोआप देवळाकडे वळले. कीर्तन चालू होतं. बुवा निरूपणात म्हणाले, देवापुढचा दिवा वाऱ्यानं विझला तर तो वाऱ्याचा दोष. आपल्या हातानं विझवलास तर तुझा. सभेत दोनशे माणसं असतील. मला वाटलं, हे वाक्य माझ्यासाठीच म्हटलं गेलं. तिथेच खांबाला टेकून मी बोललो, पोर उठून बसू दे. मी दिवा लावीन, आणि ती जिवंत आहे तोवर माझ्या घरातल्या कुणाच्याही हातानं तो विझणार नाही.

तिसऱ्या दिवशी कुमुद उठून बसली आणि तिनं भाकरी मागितली.

तेलाचा दिवा लावला, पण वात कधी उंदरानं ओढली, कधी रात्री तेल संपलं. मग मी देवघराच्या कोनाड्यात शून्याचा तांबडा बल्ब बसवला. पण बल्बला बटण आलं, आणि बटण म्हणजे विझवणारा हात. बटण काढलं, तर मेन स्विच उरला. तोही हातच. मी सातवीला विज्ञान शिकवणारा माणूस. मीटरमधून मेनकडे येणारी जी तार, तिलाच मी वरच्या वर एक तार जोडली आणि दिव्याला नेली. त्या उन्हाळ्यात भिंतींना गिलावा करायचा होता. पाईप पुरून घेतली. मध्ये एका गोल पेटीत जॉईंट मारला. काळी टेप संपली होती म्हणून दवाखान्यातून उरलेली चिकटपट्टी गुंडाळली, आणि वरून गिलावा. बोर्डानं वीज घालवली तर तो वारा, असा माझा हिशेब. तेवढ्यापुरतं निरांजन लावायचं. घरातल्या हाताचा संबंध मात्र संपला. इंदूलाही मी हे सांगितलं नव्हतं. केलेला नवस बोलून दाखवला की त्याचं सत्त्व जातं, असं मला वाटे.

तर त्या सकाळी भूपाल यायच्या आधीच मी कोनाड्याची लाकडी दारं ओढून कडी घातली होती. आत दिवा जळत होता. मेन पाडल्यावरही जळत होता.

भूपाल मधल्या खोलीत आला तो चपला बोळात काढून. रबराच्या चपला.

"असू द्या हो पायात, फरशी ओली आहे," इंदू म्हणाली.

"देव हाय खोलीत, वैनी." तो कोनाड्यापुढे उभा राहिला. काम सुरू करण्याआधी ज्याचं घर त्याच्या देवाला हात जोडायचे, हाही त्याचा नेम. "दारं लावल्यात जणू? दहा तर वाजल्यात. आज देव लवकर झोपलं?"

त्याचा हात कडीकडे गेला.

"राहू दे," मी म्हणालो. "धूळ उडेल आत."

"ते बी खरं." त्यानं बंद दारांपुढेच डोळे मिटून हात जोडले.

मी मनाशी म्हणालो, तारेसाठी झिरी फोडायची ती पूर्वेच्या भिंतीला. दिव्याची तार आहे दक्षिणेच्या भिंतीत. दोघांची गाठ पडायची नाही. दोन तासांत हा जाईल. कशाला बोलायचं?

आणि तेवढ्यात इंदू म्हणाली, "टेबल खिडकीखाली असतं तर बरं झालं असतं. उजेड पण येतो."

"मग तिकडच्या भिंतीतनं न्यावं लागंल," भूपाल म्हणाला आणि दक्षिणेच्या भिंतीकडे वळला.

"टेबल आहे तिथंच राहू दे," मी म्हणालो. जरा मोठ्यानं म्हणालो असेन.

"का? तुम्हाला काय त्रास आहे? पोरगी बसणार आहे तिथं."

भूपाल स्क्रू-ड्रायव्हरची मूठ भिंतीवर ठोकत चालला होता. तबलजी शाई तपासतो तसा कान लावून. ठक, ठक, ठक, आणि मग आवाज बदलला. तो थांबला. पुन्हा तिथंच ठोकलं.

"हितं आत पाईप हाय!"

त्यानं भिंतीवर पाणी शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून. ते ओघळून त्याच्या पायाशी साचलं. छिन्नीच्या चार ठोक्यांत मूठभर गिलावा पडला आणि पाईपचं तोंड दिसलं. त्यानं टेस्टर आत घालून पाहिला, अंगठा वर ठेवून. टेस्टरचा दिवा लागला नाही. लागणार कसा? हा पाईपचा जास्तीचा तुकडा, तार त्या टोकापर्यंत आलेलीच नव्हती. ती चार हातांवर, पेटीतून वर वळत होती.

"वैनी, तुमची भिंत वाचली! रिकामी पाईप हाय. स्प्रिंग घालतो, तिकडनं काढतो, तार बांधून वढून घेतो. एक इंच बी फोडाय नको."

"नको, भूपाल," मी म्हणालो. "जुनी पाईप आहे. आत बुजली असेल. त्यापेक्षा पट्टी मार."

"पट्टी?" इंदू माझ्याकडे बघतच राहिली. "सहा महिने नाही झाले रंगाला! आणि काल तुम्हीच म्हणालात, पट्टी नको म्हणून."

भूपाल हसायला लागला. "मास्तर, भिंतीत सोनंबिनं पुरलंय काय? सापडलं तर निम्मं माझं हां!"

इंदू हसली. मीही हसलो. कसं हसलो, कुणास ठाऊक.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की! एका वाक्याचं तर काम. खरं आहे. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण सांगितलं असतं तर भूपाल पहिल्यांदा काय म्हणाला असता? ती तार आधी काढा. आणि मला बोळात जाऊन माझ्या हातानं ती काढावी लागली असती. त्या वेळी कुमुद कुठं होती? हायस्कूलात सहामाहीचा पेपर देत होती. पाच वाजता ती सायकलवर बसणार, उसाच्या गाड्यांच्या आणि ट्रकांच्या रस्त्यानं घरी येणार. नऊ वर्षं मी तिला त्या तांबड्या दिव्याच्या उजेडात वाढताना पाहिलं होतं. माझ्या लेखी ती तार नव्हती, ती पोरीची नाडी होती. हे वेड आहे, हे मला आज कळतं. त्या दिवशी ते गणितासारखं सरळ वाटत होतं. दिवा गेला, पोरगी गेली.

आणि दुसरं गणित असं, की स्प्रिंग त्या पेटीत सरळ पुढे निघून जाईल. जॉईंट वरच्या अंगाला आहे. लागणार नाही. नाहीच लागणार.

भूपालनं पोलादी स्प्रिंगचं वेटोळं सोडवलं आणि टोक पाईपमध्ये सारलं. सर्र, सर्र असा आवाज भिंतीतून येऊ लागला. जणू आत काही जिवंत सरकत होतं. मी डोळ्यांनी भिंतीवर अंतर मोजत होतो. एक हात. दोन हात. इंदू केरसुणी घेऊन गिलावा गोळा करत होती. तीन हात.

"अडलं कायतरी," तो म्हणाला. "पेटी हाय बहुतेक मधी."

"भूपाल, थांब," मी म्हणालो.

"थांबतो की. एक रेटा दितो आन्..."

त्यानं दोन्ही हातांनी स्प्रिंग रेटली.

तो ओरडला नाही. हार्मोनियमचा एकच सूर कुणी दाबून धरावा तसा घशातून आवाज आला आणि तोही बंद झाला. त्याची बोटं स्प्रिंगवर आवळली. मान माझ्याकडे वळली होती, तशीच राहिली. ओल्या फरशीवर त्याच्या टाचा थाडथाड आपटत होत्या.

"अगबाई! भूपालदादा!" इंदू केरसुणी टाकून त्याच्याकडे धावली.

"हात लावू नकोस!"

"अहो, फीट आलीय त्याला!"

"हात लावू नकोस म्हणतो ना! वीज आहे!"

"मेन बंद आहे की हो!" ती किंचाळली.

मी बोळात पळालो. मीटरशेजारच्या कटआउटला बोर्डाचं सील असतं, तिला हात लावायचा नसतो. पण ती उपसली की सगळं घर मेलं, हे मला ठाऊक होतं. सगळं म्हणजे सगळं. मी सील तोडलं. कटआउटवर पंजा ठेवला.

आणि थांबलो.

तिथून मधली खोली सरळ दिसत होती. भूपाल दिसत होता. माझा हात दिसत होता मला, चिनीमातीवर ठेवलेला, पाचही बोटं. हाच तो हात, असं काहीतरी मनात आलं. आता ओढलं की आत कोनाड्यात अंधार. आणि तिकडे रस्त्यावर कुमुदची सायकल. मला तिची लाल रिबीन दिसली. खरंच दिसली. मी एक श्वास घेतला. दुसरा घेतला. देवा, तूच घालव वीज, मी म्हणालो. या गावची वीज दिवसातून दहादा जाते, आत्ता घालव. तुझ्या वाऱ्यानं विझव, माझ्या हातानं नको.

वीज गेली नाही. मी तिसरा श्वास घेतला.

"अहो!" इंदूचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकायचाही नाही.

मी कटआउट उपसली.

भूपाल जागच्या जागी कोसळला. खिशातले फ्यूज फरशीवर पडून टणाटण उडत कुठं कुठं गेले. इंदूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, छाती चोळली, शेजाऱ्यांना हाका मारल्या. तो श्वास घेत होता, पण त्याचा उजवा तळवा काळा पडला होता. शेजारच्या पाटलांची जीप आली. चौघांनी त्याला उचलून घातलं आणि मिरजेला नेलं. त्याच दवाखान्यात, जिथं नऊ वर्षांपूर्वी कुमुद होती.

घर रिकामं झाल्यावर इंदू फरशीवरून एकेक फ्यूज वेचून माझ्यासमोर उभी राहिली.

"हे त्याच्या खिशात होते," ती म्हणाली. "मग वीज कुठून आली?"

मी तिला सांगितलं. तिनं कोनाड्याची कडी काढली, आत पाहिलं, दारं उघडीच ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दोन वाजल्यापासून मी रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसलो. एकेक ट्रक गेला की मी उठून रस्त्यावर बघून येई. साडेपाचला कुमुद आली, सायकल भिंतीला लावली, म्हणाली, "बाबा, असे काय बसलात? खायला काय आहे?" मी तिचा हात धरला तो तिला सोडवून घ्यावा लागला.

आठव्या दिवशी मी धीर करून दवाखान्यात गेलो. भूपालच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली होती, उरलेली मिटत नव्हती. बोर्डाचा माणूस विचारपूस करून गेला होता. त्याला भूपालनं सांगितलं होतं, "माझी चूक. हातमोजं न्हवतं, पायात काय न्हवतं." त्याची बायको पद्मावती उशाशी बसून त्याला पेज भरवत होती. त्यानं तिला चहा आणायला पाठवलं. ती गेल्याची खात्री करून घेतली.

"मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"तुमी कटआउटवर हात ठेवून उभं ऱ्हायला हुता."

वॉर्डात कुणीतरी खोकत होतं.

"मला हलता येत नव्हतं. डोळं उघडं हुतं पर. दार उघडं, बोळ सरळ दिसत हुता. मी मनात म्हनत हुतो, वढा मास्तर, वढा. तुमी वढत नव्हता." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. "आट दिस ह्योच इचार करतोय. कशाची वाट बघत हुता?"

मी सांगितलं. मेंदूज्वर, कीर्तन, खांब, नवस, तार, चिकटपट्टी, बंद केलेली दारं, सगळं. काही लपवलं नाही. तो छताकडे बघत ऐकत होता. शिव्या देईल, थुंकेल म्हणून मी खाली वाकून बसलो होतो. मला ते हवंही होतं.

"म्हंजे दिवा गेला तर पोरगी जाईल, असं वाटलं तुमास्नी."

"हो."

"आन् तरी वढलंसा."

"उशिरा ओढलं, भूपाल."

"व्हय. उशिराच." त्यानं गुंडाळलेला हात पोटावर घेतला. "मलाबी दोन पोरी हायत्या, मास्तर. मी किती येळ उभा ऱ्हायलो असतो, त्येच मोजत हुतो आत्ता."

पद्मावती चहाचा पेला घेऊन दारात दिसली. त्यानं घाईनं विचारलं, "कुमुदचा पेपर कसा गेला?"

"चांगला गेला," मी म्हणालो.

"मग झालं," तो म्हणाला, आणि बायकोला म्हणाला, "मास्तरांना दे आधी."

त्यानं हे कधी कुणाला सांगितलं नाही, पद्मावतीलाही नाही. शिडीवर तो पुन्हा चढला नाही. स्टँडजवळ बल्ब-बटणांचं दुकान टाकलं आणि डाव्या हातानं फ्यूज बांधून द्यायला शिकला. सप्ताहातला लाउडस्पीकर मात्र त्यानं सोडला नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला, झोपेत, शांतपणे. कुमुद आज पन्नाशी ओलांडून गेली आहे, आणि तिलाही हे मी याच वर्षी सांगितलं.

बुवा उठताना देवाचं नाव घ्यायला लावतात. तेवढा अधिकार मला नाही. मी एका माणसाचं नाव घ्यायला लावतो. भूपाल भरमू मगदूम, मुक्काम कुरुंदवाड. मला विसरलात तरी चालेल. त्याला विसरू नका.